झोपलेल्या यंत्राचा जमाखर्च

सीआर२०३२ हा चपटा, गोल सेल बहुतेक घरांत कुठे ना कुठे असतो. गाडीच्या रिमोट किल्लीत, वजनकाट्यात, ग्लुकोमीटरमध्ये, कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर. नावाच्या आकड्यांतच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. व्होल्टेज ३ आणि साठा साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा. म्हणजे त्यातून सतत १ मिलिअँपिअर करंट घेतला, तर तो २२० तास टिकेल. नऊ दिवस.

आता समजा, याच सेलवर पाच वर्षं चालणारं यंत्र कुणाला हवंय. पाच वर्षांचे तास होतात ४३,८००. २२० ला त्याने भागलं की उत्तर येतं ०.००५ मिलिअँपिअर, म्हणजे ५ मायक्रोअँपिअर. बोर्डवरचा लहानसा लाल एलईडी नेहमीच्या जोडणीत एखादा मिलिअँपिअर खातो, या सरासरीच्या दोनशेपट. एवढ्याशा करंटमध्ये यंत्राला वेळ सांभाळायची आहे, तापमान किंवा ओल मोजायची आहे, आकडेमोड करायची आहे आणि रेडिओवरून मोबाइलशी बोलायचंही आहे. पाच वर्षांनी मालकाने सेल बदलला, की पुन्हा पाच वर्षं.

असं यंत्र बनतं, आणि रोज लाखोंनी विकलं जातं. खिशात मावणाऱ्या उपकरणाची रचना वरच्या भागाकारापासूनच सुरू होते आणि शेवटपर्यंत त्याच भागाकाराला बांधलेली राहते. ‘बॅटरी मोठी टाकू’ हे उत्तर मला नेहमी अपुरं वाटत आलं आहे. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणला. तेव्हापासून आजवर तेवढ्याच वजनात मावणारी ऊर्जा मोजक्या पटींनीच वाढली. त्याच काळात एका चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या हजारो पटींनी वाढली. आपलं काम बॅटरीने सोपं केलेलं नाही, रचनाकारांच्या काटकसरीने केलं आहे.

ही काटकसर जिथे जिवावरची होती, तिथून तिचा इतिहास पाहावा. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन नावाच्या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पूर्णपणे आत बसवायचा पेसमेकर बसवला. तो बनवला होता रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने. सर्किट दोन ट्रान्झिस्टरांचं, सोबत पुन्हा चार्ज करायचा छोटा निकेल-कॅडमियम सेल, आणि हे सगळं इपॉक्सीत ओतून बंद केलेलं. तो पेसमेकर काही तासांतच बंद पडला आणि दुसरा बसवावा लागला. लार्सन मात्र पुढे २००१ पर्यंत जगले, एकामागून एक वीसहून अधिक पेसमेकर वापरत. सुरुवातीच्या काळात पाऱ्याच्या सेलवर चालणारे पेसमेकर साधारण दोन वर्षांत बदलावे लागत, आणि इथे सेल बदलणं म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्सन ग्रेटबॅच या अमेरिकन अभियंत्याने लिथियम-आयोडीन सेल पेसमेकरमध्ये आणला आणि हे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढलं.

सेल सुधारला हे खरं, पण निम्मं श्रेय सर्किटचं आहे. सुरुवातीचे पेसमेकर हृदयाला गरज असो वा नसो, ठरल्या वेळी धक्का देत राहत. पुढचे पेसमेकर आधी हृदयाचा स्वतःचा ठोका ऐकू लागले आणि तो चुकला तरच धक्का देऊ लागले. वैद्यकीयदृष्ट्या हे जास्त सुरक्षित होतं, आणि वाचलेला प्रत्येक धक्का म्हणजे वाचलेली ऊर्जा. आजच्या पेसमेकरमधल्या १ अँपिअर-तासाच्या बॅटरीने दहा वर्षं काढायची असतील, तर सरासरी करंट सुमारे ११ मायक्रोअँपिअरच्या वर जाता कामा नये. ऐकणं, ठरवणं, धक्का देणं आणि डॉक्टरांसाठी नोंदी ठेवणं, सगळं त्यातच.

हे शक्य होतं ते सीमॉस नावाच्या सर्किटपद्धतीमुळे. १९६३ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतल्या फ्रँक वानलास यांनी मांडलेली ही कल्पना आज जवळजवळ प्रत्येक चिपमध्ये आहे. यात ट्रान्झिस्टर जोडीने काम करतात; एक चालू असताना दुसरा बंद. त्यामुळे सर्किट एका स्थितीत स्थिर असेल, तर बॅटरीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत थेट वाट उरत नाही आणि करंट जवळजवळ शून्य असतो. खर्च होतो तो स्थिती बदलताना. शून्याचा एक करायचा तर त्या जागेचा नगण्य वाटणारा कपॅसिटन्स भरावा लागतो, एकाचा शून्य करताना तो रिकामा होतो. या खर्चाचं गणित प्रत्येक अभियंत्याला पाठ असतं: कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले सेकंदाला होणारे बदल.

यातला वर्ग फार मोलाचा आहे. ५ व्होल्टवर चालणारं सर्किट १.८ व्होल्टवर आणलं, तर दर बदलाची ऊर्जा निम्म्यावर किंवा पावपट होऊन थांबत नाही, ती जवळपास आठव्या हिश्शावर येते. गेल्या काही दशकांत चिपचं व्होल्टेज ५ वरून ३.३, मग १.८, मग १ व्होल्टच्याही आसपास उतरत गेलं, त्यामागे एक मोठं कारण हेच.

सेकंदाला किती बदल व्हावेत, याचा धडा मनगटी घड्याळाने घालून दिला. सायकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत ‘ॲस्ट्रॉन’ हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. त्यातला स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा थरथरत असे. ही संख्या तेरा वेळा निम्मी केली की नेमका एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. नंतर जगभर ३२,७६८ ही संख्या रूढ झाली, जी पंधरा वेळा निम्मी करावी लागते. निवड मधल्या वाटेची होती. कंपनं त्याहून कमी ठेवली तर स्फटिक आकाराने मोठा होतो. जास्त ठेवली तर सर्किट जास्त करंट खातं. मनगटी घड्याळातला २८ मिलिअँपिअर-तासांचा बारीक सेल अडीच वर्षं काटे फिरवतो, म्हणजे मोटर धरून सरासरी सव्वा मायक्रोअँपिअरच्या आसपास. तोच ३२,७६८ कंपनांचा स्फटिक आज तुमच्या फिटनेस पट्ट्यातही आहे. बाकी सगळं यंत्र झोपलेलं असताना तो एकटा जागा असतो.

कमी करंटच्या इतिहासातली एक घटना मला विशेष आवडते, कारण तिच्यात आजच्या रचनाकाराला रोज भेटणारी एक अडचणही दडलेली आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक प्रोसेसर रचला. चिपला महागडं सिरॅमिक आवरण परवडणारं नव्हतं आणि प्लास्टिकचं आवरण जेमतेम एक वॉट उष्णता सहन करणार होतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर त्यांनी हात राखून रचना केली. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिल्या चिपा तयार होऊन आल्या आणि पहिल्याच दिवशी प्रोग्राम चालू लागला. चिप किती करंट घेते हे मोजायला गेल्यावर अँमीटरने शून्य दाखवलं. चिप चालू होती आणि करंट शून्य! शोध घेतल्यावर कळलं की चिपला वीज पुरवणारी जोडणी झालेलीच नव्हती. आजूबाजूच्या चिपांकडून येणाऱ्या सिग्नलच्या तारांतून, आतल्या संरक्षक डायोडमार्गे जो करंट झिरपत होता, तेवढ्यावर प्रोसेसर काम करत होता. एक वॉटची मर्यादा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या त्या चिपला प्रत्यक्षात त्याचा सुमारे दहावा भागच लागत होता. तो पहिला आर्म प्रोसेसर. आज जगातले जवळपास सगळे स्मार्टफोन त्याच घराण्याच्या प्रोसेसरवर चालतात.

आता त्यात दडलेली अडचण. बॅटरी वाचवावी म्हणून आपण सेन्सरची वीज एका ट्रान्झिस्टरने तोडतो, पण त्याच्याकडे जाणाऱ्या डेटाच्या तारा मायक्रोकंट्रोलरने वर, म्हणजे ३ व्होल्टवर, धरून ठेवलेल्या असतात. मग करंट त्या तारेतून सेन्सरच्या संरक्षक डायोडमध्ये शिरतो आणि बंद केलेला सेन्सर अर्धवट जागा राहून बॅटरी खात बसतो. केंब्रिजमध्ये ज्या वाटेने चिप चालली, तीच ही वाट. उपाय सोपा आहे, पण आठवणीने करावा लागतो: वीज तोडण्याआधी त्या सगळ्या तारा खाली, शून्यावर आणायच्या.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे झोप. खिशातल्या बहुतेक यंत्रांना दिवसातला फार थोडा वेळ काम असतं. उरलेला वेळ ती झोपलेली असावीत, आणि झोप जितकी गाढ तितकं चांगलं. याचा हिशोब एका ब्लूटूथ टॅगवर मांडून पाहू. किल्ल्यांना अडकवायचा असा टॅग ठरावीक वेळाने जागा होतो, ब्लूटूथच्या तीन ठरलेल्या वाहिन्यांवर ‘मी इथे आहे’ असा संदेश सोडतो आणि पुन्हा झोपतो. धरून चालू की जागेपणी तो ३ मिलिसेकंद घेतो आणि तेवढ्या वेळात सरासरी ५ मिलिअँपिअर खातो. झोपेत घड्याळासकट २ मायक्रोअँपिअर.

दर सेकंदाला संदेश सोडला, तर जागेपणाचा वाटा सरासरी १५ मायक्रोअँपिअर. त्यात झोपेचे २ मिळवा. २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल दीड वर्ष चालेल. संदेश दर पाच सेकंदांनी सोडला, तर जागेपणाचे ३ आणि झोपेचे २, एकूण ५. सेल पाच वर्षं चालेल. फक्त एका आकड्याच्या बदलाने साडेतीन वर्षं मिळाली. आता हात सैल सोडून अंतर तीस सेकंद करू. जागेपणाचा वाटा अर्ध्या मायक्रोअँपिअरवर आला, पण झोपेचे २ तसेच आहेत. एकूण अडीच, म्हणजे कागदावर दहा वर्षं. आणखी दहापट लांबवून पाच मिनिटांवर नेलं तरी आयुष्य बारा वर्षांच्या जेमतेम पुढे सरकतं. आता खर्च झोपेचाच आहे. इथून पुढे प्रोग्राममध्ये कितीही काटछाट करा, हाती काही लागणार नाही. सुटा सेल कपाटात नुसता ठेवला तरी वर्षाला साधारण एक टक्का भार गमावतो. तोही सतत पाव मायक्रोअँपिअर खाल्ल्यासारखाच आहे, आणि दहा वर्षांच्या हिशोबात तो धरावाच लागतो.

म्हणून खर्चाचं मोठं कलम कोणतं, जागेपणाचं की झोपेचं, हे आधी ठरवावं आणि मगच हत्यार उचलावं. प्रोग्राम लिहिणारा जागेपणाच्या मागे लागतो, कारण ते त्याच्या हातात असतं. झोपेतला खर्च मात्र बहुतेक वेळा बोर्डवर असतो, रेझिस्टरच्या आकड्यात असतो.

दार उघडलं की मोबाइलवर कळवणारा सेन्सर घ्या. त्यात चुंबकाने मिटणारा एक छोटा स्विच असतो. दार बंद असताना चुंबक जवळ, स्विच मिटलेला. स्विचची स्थिती वाचण्यासाठी १० किलोओहमचा रेझिस्टर लावायची सवय इतकी रुळलेली आहे की कुणी विचारही करत नाही. पण ३ व्होल्टला १० किलोओहमने भागलं की ३०० मायक्रोअँपिअर होतात. घराचं दार दिवसातला बहुतेक वेळ बंदच असतं. म्हणजे हा करंट सतत वाहणार आणि सेल महिन्याभरात संपणार. चिप कितीही काटकसरी निवडली तरी. रेझिस्टर १ मेगाओहमचा केला तर करंट ३ मायक्रोअँपिअरवर येतो. पण एवढा मोठा रेझिस्टर लावला की बोर्डवरची ओलसुद्धा स्पर्धेला उतरते. पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत, जुन्या फ्लक्सचे डाग राहिलेल्या बोर्डवरून मेगाओहमच्या घरातली गळती सहज होते आणि दार बंद की उघडं, हे यंत्राला नीट कळेनासं होतं. मग बोर्ड स्वच्छ धुवायचा, त्यावर संरक्षक लेप द्यायचा. किंवा दुसरी वाट धरायची: दार बंद असताना उघडा राहील असा स्विचच निवडायचा. प्रश्न सर्किटात दिसत होता, पण उत्तर सुट्या भागाच्या निवडीत होतं. अशी उत्तरं मला सगळ्यांत सुंदर वाटतात.

असंच बॅटरी किती उरली हे मोजायला लावलेल्या दोन रेझिस्टरांचं. ४.२ व्होल्टच्या लिथियम-आयन सेलवर १० किलोओहमचे दोन लावले, की २१० मायक्रोअँपिअर अखंड वाहत राहतात. वर्षभरात होतात १,८४० मिलिअँपिअर-तास, म्हणजे २,००० चा सेल त्यांनी जवळजवळ एकट्यानेच संपवला. बॅटरी मोजण्यासाठी लावलेला भागच बॅटरी खाऊन टाकतो. मायक्रोकंट्रोलरच्या ज्या पायाला काहीच जोडलेलं नाही, तोही निर्धोक नसतो. इनपुट म्हणून अधांतरी सोडलेला पाय मधल्याच व्होल्टेजवर तरंगतो, सीमॉसच्या जोडीतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतात आणि जी वाट बंद असायला हवी होती ती उघडी होते.

पुण्यातल्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी तिथून ईएसपी३२ चा तयार बोर्ड घेतात. वायफाय, ब्लूटूथ, दोन प्रोसेसर, आणि किंमत काहीशे रुपये. शिकण्यासाठी यापेक्षा चांगली वस्तू नाही. त्यातली मूळ चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. २,००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर नुसती झोपून राहिली तर कागदावर वीस वर्षांहून जास्त. प्रत्यक्षात तो बोर्ड झोपवून ठेवला तर दहा-पंधरा दिवसांत सेल रिकामा होतो. कारण बोर्डवर चिप एकटी नाही. ५ व्होल्टचे ३.३ करणारा जुन्या वळणाचा रेग्युलेटर स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. पॉवरचा एलईडी एक-दीड मिलिअँपिअर. कॉम्प्युटरशी बोलणारी यूएसबीची चिप आणखी काही. एकूण सात-आठ मिलिअँपिअर, म्हणजे झोपलेल्या चिपच्या सातशेपट. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळं छान चालतं, कारण तेव्हा यूएसबीची तार लावलेली असते. शेतात किंवा गच्चीवर नेऊन ठेवल्यावर पंधरवड्यात यंत्र मुकं होतं आणि दोष बिचाऱ्या प्रोग्रामवर येतो.

रेग्युलेटरचा स्वतःचा खप हा अलीकडच्या वर्षांत सगळ्यांत जास्त सुधारलेला भाग आहे. साधा रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. ३.७ व्होल्टच्या सेलवरून १.८ व्होल्टची चिप चालवली तर निम्म्याहून जास्त ऊर्जा त्यातच जाते. कॉइल वापरणारा स्विचिंग रेग्युलेटर हेच काम नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने करतो. पण तो नव्वदचा आकडा भरपूर करंट घेतला तेव्हाचा असतो. यंत्र झोपेत ३ मायक्रोअँपिअर घेत असेल आणि रेग्युलेटर स्वतः ३० घेत असेल, तर कार्यक्षमतेचा तो आकडा निरर्थक आहे. आता स्वतःसाठी एक मायक्रोअँपिअरहूनही कमी घेणारे स्विचिंग रेग्युलेटर मिळतात. भाग निवडताना डेटाशीटच्या पहिल्या पानावरची कार्यक्षमता बाजूला ठेवावी आणि आतल्या तक्त्यात हा आकडा शोधावा.

यावर कुणी विचारेल की प्रोसेसर सावकाश चालवला तर ऊर्जा वाचत नाही का? वरच्या सूत्रात सेकंदाचे बदल आहेत, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण ठरावीक कामासाठी लागणारे एकूण बदल तेवढेच राहतात. व्होल्टेज तेच असेल, तर बदलांची ऊर्जाही तीच. उलट सावकाश काम करताना मेमरी, रेग्युलेटर, सेन्सर हे सगळे जास्त वेळ जागे राहतात. म्हणून छोट्या यंत्रांत बहुधा पटकन काम उरकून झोपणंच परवडतं. मोबाइल फोनमध्ये चित्र वेगळं आहे, कारण तिथे वेग कमी करताना व्होल्टेजही कमी करता येतं आणि मग तो वर्ग आपल्या बाजूने उभा राहतो. झोपेतून उठायला लागणारा वेळही हिशोबात येतो. मेगाहर्ट्झचा स्फटिक स्थिरावायला मिलिसेकंदभर घेत असेल आणि काम त्याहून छोटं असेल, तर खर्च कामापेक्षा उठण्यावरच जास्त होतो. त्यासाठी चिपमध्ये काही मायक्रोसेकंदांत सुरू होणारं, थोडं कमी अचूक दुसरं घड्याळ ठेवलेलं असतं.

या सगळ्याची खरी परीक्षा उघड्यावर होते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत आता लहान हवामान केंद्रं दिसतात. पान किती वेळ ओलं राहिलं, तापमान आणि आर्द्रता किती, यावरून डाउनी या द्राक्षांवरच्या रोगाचा धोका ती आधी सांगतात आणि फवारणी करायची की नाही हे शेतकरी ठरवतो. वर छोटं सोलर पॅनेल, आत बॅटरी. अडचण अशी की कधी कधी सलग चार-सहा दिवस आभाळ भरलेलं असतं, पॅनेलमधून फारसं काही येत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत डाउनीचा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणजे बॅटरीचा हिशोब सरासरी दिवसावर मांडून चालत नाही, तो सर्वांत वाईट आठवड्यावर मांडावा लागतो. मोजणं स्वस्त असतं, पाठवणं महाग. म्हणून केंद्राने दर काही मिनिटांनी मोजावं, पण तासाभराच्या नोंदी एकदमच पाठवाव्यात. पान ओलं होऊ लागलं तर मात्र लगेच कळवावं. पाठवण्याची वाट कोणती, हेही महत्त्वाचं. मोबाइल नेटवर्कचा जुना टूजी मोडेम प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लोरा रेडिओ काही दहा मिलिअँपिअरमध्ये थोडेसे आकडे काही किलोमीटरपर्यंत पोहोचवतो. त्यासाठी जवळपास एक ग्रहणकेंद्र मात्र लागतं.

उन्हाळा वेगळी परीक्षा घेतो. डेटाशीटमधला झोपेचा करंट २५ अंश सेल्सिअसचा असतो. बंद ट्रान्झिस्टरमधून होणारी गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या बंद डब्याच्या आत ६५ अंश झाले, तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट. कागदावरचा १ मायक्रोअँपिअर तिथे १६ होतो. गळती कमी राहावी म्हणूनच अनेक काटकसरी मायक्रोकंट्रोलर आजही फोनच्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी जाड्या, जुन्या तंत्रावर बनवले जातात. थंडीत उलट होतं: निफाडमध्ये पारा उतरला की चिपची गळती कमी होते, पण सीआर२०३२सारख्या नाणेसेलचा अंतर्गत रोध वाढतो. ताज्या सेलमध्ये हा रोध दहा-वीस ओहम असतो, सेल संपत आला की कित्येक पटींनी वाढतो. तो ४० ओहम झाला असेल आणि रेडिओने क्षणभर १५ मिलिअँपिअर मागितले, तर ०.६ व्होल्ट सेलच्या आतच हरवतात. व्होल्टेज खाली जातं, चिप रीसेट होते, उठून पुन्हा रेडिओ लावते, पुन्हा रीसेट होते. सेलमध्ये भार शिल्लक असतानाही यंत्र मरतं. सेलशेजारी १०० मायक्रोफॅरड किंवा थोडा मोठा कपॅसिटर लावला की तो क्षणभराचा भार उचलतो. त्याची स्वतःची गळती जमाखर्चात लिहायला विसरू नये.

नाणेसेल वापरणाऱ्याने आणखी एक जबाबदारी मानली पाहिजे, जिचा करंटशी संबंध नाही. लहान मुलाने हा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच असावं, नखाने उघडणारं नको. असं काही घडल्याचा नुसता संशय आला तरी लगेच रुग्णालय गाठावं.

एवढा सगळा हिशोब मोजल्याशिवाय व्यर्थ आहे, आणि मोजणं वाटतं तितकं सरळ नाही. झोपेत २ मायक्रोअँपिअर, जागेपणी २० मिलिअँपिअर. दोन्हींत दहा हजारपटीचं अंतर. साधा मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर ठेवला की तो मार्गात शेकडो ओहमचा रोध घालतो. यंत्र झोपेत असेपर्यंत चालतं. जागं झालं की त्या रोधावर व्होल्टेज पडतं आणि यंत्र रीसेट होतं. दोन्ही टोकं एकदम मोजणारी उपकरणं मिळतात, पण प्रत्येक कॉलेजला ती परवडत नाहीत. एक स्वस्त रीत सांगतो. एक १,००० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर ३ व्होल्टपर्यंत भरायचा, यंत्र झोपवायचं आणि सेल काढून त्याला फक्त त्या कपॅसिटरवर ठेवायचं. करंट २ मायक्रोअँपिअर असेल, तर व्होल्टेज सेकंदाला २ मिलिव्होल्टने उतरेल आणि ३ वरून २.५ व्होल्टवर यायला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागेल. मल्टिमीटर सतत जोडून ठेवायचा नाही, सुरुवातीला आणि शेवटी क्षणभर टेकवायचा. कपॅसिटर एकटाच किती वेगाने उतरतो हे आधी पाहून ते वजा करायचं. कागद, पेन आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढ्यावर हे काम होतं.

माझी विनंती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना आहे. बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोजेक्टच्या अहवालात एक पान जमाखर्चाचं ठेवा. बोर्डवरचा प्रत्येक भाग झोपेत किती खातो, जागेपणी किती, आणि दिवसातला किती वेळ जागा असतो, हे त्यात लिहा. शेजारी प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहा. दोन्हींत दहापटीचा फरक आला, तर प्रोग्रामला हात लावण्याआधी बोर्डवरचा एकेक भाग काढून पुन्हा मोजा, आणि सुरुवात पॉवरच्या एलईडीपासून करा.